अख्खा वळणारा माणूस

बीडला एक्स-रे काढणारा तो माणूस मान वळवत नसे. हाक मारली की खांद्यासकट, कमरेसकट अख्खा वळायचा. मला वाटलं, नोकरीचा ताठा असेल.

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, पाठ आखडली होती म्हणून त्यांना घेऊन गेलो होतो. त्यानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. अण्णांचे मणके खडूसारखे पांढरेफेक दिसत होते. अण्णा खूश झाले. गावच्या दूध सोसायटीचे ते जुने चेअरमन. म्हणाले, "बघा, सोसायटीचं दूध! हाड कसं भरलंय."

"दूध न्हाई, अण्णा. हे बोअरचं पाणी हाय. लई खोल पाण्यात फ्लोराईड असतंय, ते हाडात बसतंय, मग माणूस आखडतोय. कोणत्या बोअरचं पिता तुमी?"

दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा सोसायटीकडून बोअर आपणच घ्यायला लावला, हे अण्णांनी आजवर भेटेल त्याला छाती फुगवून सांगितलं होतं. या वेळी त्यांनी गावाचं नाव घेतलं आणि हळूच म्हणाले, "सोसायटीच्या."

"मी तुमच्या पलीकडच्याच वस्तीचा. त्या साली आमच्याकडं टँकर येत नव्हता. तवापासून आमी तिथंच घागरी भरतो."

अण्णा त्याच्या मानेकडं बघत राहिले.

"त्या पाण्यानंच वाचलो, अण्णा," तो म्हणाला, आणि अख्खा वळून त्यानं पुढच्या पेशंटला आवाज दिला.