दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सकाळी महाडला कॉलेज करायचे आणि दुपारी पोलादपूरच्या एका मेडिकलमध्ये काउंटरला उभी राहायचे. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी मालक जेवायला गेले होते आणि मी काउंटरखाली जर्नल उघडून पाठ करत होते. तेवढ्यात घाटावरच्या कुडपण गावची एक आजी आली. दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या न्यायची. मी गोळ्या दिल्या आणि पुन्हा जर्नलमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत बाटलीवरचं लेबल वाचताना हात थांबला. आजीची गोळी एक मिलिग्रॅमची. मी हात घातला होता वरच्या खणात, आणि तिथे दोनच्या असतात.

सांगितलं तर काम जाणार, उठले तर परीक्षा जाणार. अर्धा तास मी नुसती ब्युरेट भरत राहिले, एकही रीडिंग घेतलं नाही. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते. शेवटी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी जा. परीक्षेचं मी बघतो."

बाहेर येऊन मालकांना फोन केला. त्यांनी खण तपासला. दोनची एक स्ट्रिप कमी होती. आजीच्या घरी फोन लागेना, वर रेंजच नव्हती. एसटीने पोलादपूरला उतरले तेव्हा मालक मोटारसायकल घेऊन थांबले होते. मी मागे बसले आणि आम्ही घाट चढायला लागलो. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता समोरून माणसं आजीला उचलून आणताना दिसतील.

आजी पडवीत भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. सकाळी गोळी घेतल्यावर तिला घाम फुटला, हातपाय कापायला लागले, म्हणून सुनेने साखरेचं पाणी पाजलं होतं.

मी सुनेला म्हणाले, "चूक माझी हाय. मीच दुसऱ्या गोळ्या दिल्या."

आजी हळू म्हणाली, "सांगायला आलीस ना गो? बस, पानी पी."

जीप करून तिला खाली दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. मालकांनी मला काढलं नाही, आणि माझं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर झालं. पण पुढे कितीतरी महिने कुडपणकडचं कुणी दुकानाची पायरी चढलं, की ते तोंड उघडेपर्यंत मी श्वास धरून उभी असायचे.