वाक्यात कर्ता हवा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गल्लीत 'कोणीबाई' म्हणतात. हे नाव मीच पाडलं आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. एखादं पोर 'बशी फुटली' म्हणत आलं, की या हातातलं काम न सोडता विचारतात, "फुटली की फोडली? कोणी?" आमचे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, 'दिवा चालू राहिला वाटतं' म्हणत निम्मं आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांनाही सूट नाही. दिवा राहत नसतो, माणूस तो ठेवतो, हे त्यांना दर आठवड्याला ऐकावं लागतं. अशा बाईबरोबर एका स्वयंपाकघरात सोळा वर्षं काढली म्हणून खरं तर मलाच एखादं पदक मिळायला हवं.

जाऊबाई टायपिस्ट आहेत. लढाई थांबल्यावर जबान्या नोंदवायचं कार्यालय उघडलं, आणि पुढं वर्षभरानं त्यांना तिथं नोकरी लागली. लोक काय सोसलं ते सांगायचे, हेडक्लार्क हातानं लिहून घ्यायचे, जाऊबाई टाइप करायच्या. बायकांच्या जबान्या त्या येण्याआधीच नोंदवून झाल्या होत्या. यांच्या वाट्याला आली जळालेली घरं आणि नेलेली जनावरं. 'घर जळालं' असा कागद आला, की या तो उचलून हेडक्लार्कच्या टेबलावर परत ठेवायच्या. कोणी जाळलं ते लिहा. ज्या जबानीत करणाऱ्याचं नाव ती कोर्टाकडे जाते, नाव नसलेली नुकसानभरपाईच्या कपाटात. शिवाय जबानीत नाव आलेल्यांची एक यादी होते, आणि त्या यादीतल्या कुणालाही पहाऱ्याचं काम द्यायचं नाही, असा नियम आहे.

हेडक्लार्क मात्र फार सज्जन माणूस. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा. मला ते आवडतात, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्यांच्यावर रागावणार आहे.

एका दुपारी शिलाई कारखान्यातली एक बाई कार्यालयात आली. शर्टांना काजं करते म्हणून तिला सगळे काजवालीच म्हणतात. तिला तिच्या जबानीची नक्कल हवी होती. एक तारखेपासून कारखान्याच्या फाटकावर नवा पहारेकरी येणार होता. सुटताना बायकांच्या पिशव्या तपासायच्या, अंगावर कापड लपवलंय का ते चाचपायचं, हे त्याचं काम. हाच माणूस लढाईत पुलावरच्या तपासणी नाक्यावर पहाऱ्याला होता. तिथं त्यानं तिच्यावर बलात्कार केला होता. तसं तिनं याच कार्यालयात येऊन सांगितलंही होतं. पण मॅनेजर म्हणाला, यादीत त्याचं नाव नाही. पहिली तारीख आठ दिवसांवर आली होती आणि नोकरी सोडली तर घरी चूल पेटणार नव्हती.

जाऊबाईंनी कपाटातून कागद काढला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'सदर महिला पुलावरून जात असता तिच्यावर अनुचित प्रसंग ओढवला.'

जाऊबाईंनी तो दोनदा वाचला. मग तिला विचारलं, त्याचं नाव तेव्हा ठाऊक नव्हतं का?

"सांगितलं होतं की. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, कपाळावरचा व्रणसुद्धा सांगितला. साहेबांनी लिहिलं नाही."

हेडक्लार्कनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पुटपुटत म्हणाले, असलं काही कागदावर आलं असतं तर या बाईंचंच नाव खराब झालं असतं.

"साहेब, तिचं नाव आहे कागदावर," जाऊबाई म्हणाल्या. "त्याचंच तेवढं नाही."

मला विचाराल तर, सज्जनपणाच्या नावाखाली चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, ही आपली जुनी खोड. कपाट उपसलं तेव्हा तशा एकेचाळीस जबान्या निघाल्या. ओढवला, घडला, गुदरला. जळक्या छपरांच्या आणि मेलेल्या म्हशींच्या कागदांत बांधून ठेवलेल्या. नंतर हेडक्लार्क आणि जाऊबाई एकेकीच्या घरी गेले. पुन्हा लिहू का, विचारलं. जिला नको होतं, तिच्या कागदाला परत हातसुद्धा लावला नाही.

पण आधी काजवालीचा. दुरुस्त जबानी ज्यानं लिहून घेतली त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवायची आणि कार्यालयातली किंवा तिच्या घरची नसलेली एक साक्षीदार बाई हवी, असा नियम निघाला. साक्षीदार म्हणून जाऊबाईंनी मला भांडी घासता घासता उचललं. ओल्या हातानंच गेले.

दार लावून चौघं बसलो. हेडक्लार्कनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. तारीख वाचली, पूल वाचला, त्या माणसाचं नाव वाचलं, आणि तिथं अडले. घोटभर पाणी प्याले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात जन्म गेलेला, शब्द तोंडातून फुटेना. जाऊबाईंनी कागद घ्यायला हात पुढं केला.

"थांबा ताई," काजवाली म्हणाली. "साहेबांनाच वाचू द्या."

त्यांनी वाचलं. आधी त्याचं पूर्ण नाव, मग 'याने माझ्यावर बलात्कार केला.' शेवटपर्यंत वाचलं.

"परत एकदा."

दुसऱ्यांदा ते कुठंही अडले नाहीत. काजवालीनं सही केली. मी सही केली तेव्हा मला रडू येत होतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. हेडक्लार्क उठून उभे राहिले आणि तिला म्हणाले, चूक मी केली. चूक झाली, असं नाही म्हणाले, हे मी तिथल्या तिथं टिपलं.

जबानी कोर्टाकडे गेली, यादीत नाव चढलं, मॅनेजरनं नेमणूक रद्द केली. यादीवर फक्त करणाऱ्याचं नाव असतं, सांगणारीचं नसतं. त्यामुळे काजवालीचं नाव कारखान्यात कुणालाच कळलं नाही.

एक तारखेला सकाळी जाऊबाई म्हणाल्या, दोरा आणायचाय. घरात दोऱ्याची सहा रिळं पडली होती, पण मीही मूग गिळून त्यांच्याबरोबर गेले. कारखान्यासमोरच्या दुकानात उभ्या राहिलो. फाटकाशी साठेक बायकांची रांग होती, आणि बाहेर तो माणूस. कपाळावर व्रण, कडक इस्त्रीचा शर्ट. मॅनेजरशी हुज्जत घालत होता. नेमणूक झालेली असताना, ऐन वेळी? लोकांना ऐकू जावं म्हणून तो मुद्दाम रांगेकडे तोंड करून बोलत होता.

"माझं नाव यादीत कोणी घातलं, ते मला कळलं पाहिजे."

मॅनेजरला ते ठाऊकच नव्हतं. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

रांगेतून काजवाली एक पाऊल बाहेर आली.

"मी घातलं," ती म्हणाली.

तिच्या मागची बाई पुढं सरकून तिच्या शेजारी उभी राहिली. मग तिच्या मागची, मग आणखी दोघी. तो बघत राहिला. मग भोंगा झाला, तशी काजवालीनं हजेरीचं कार्ड दाखवलं आणि त्याच्या समोरून आत गेली.