पेन्सिलीतले आकडे

माझे बाबा एकोणचाळीस वर्षं फुटबॉल क्लबात होते आणि त्यांनी एकही गोल डोळ्यांनी पाहिला नाही. थट्टा नाही करत. त्यांची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. छत तिरकं, चुकून सरळ उभं राहिलं की डोकं आपटलंच. आपल्या टीमने गोल मारला की वर लोक नाचायचे आणि छतातून चुना भुरभुरायचा. बाबा वहीवरचा चुना फुंकायचे, "झाला वाटतं," म्हणायचे आणि पुन्हा बेरजेला लागायचे.

ते क्लबाचे हिशेबनीस. पण तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, लहानथोर सगळे 'पावती' म्हणायचे. कारण माणूस दारात दिसला रे दिसला की यांचा पहिला प्रश्न, "पावती?" दोन लिंबं आणा नाहीतर गोलपोस्टची जाळी आणा, पावतीशिवाय दमडी सुटायची नाही. एकदा अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजला, तरी यांनी चहावाल्यापुढे हात केला. अध्यक्ष म्हणाले, "अहो पावती, हा चहा माझा आहे!" बाबा म्हणाले, "मग तसं लिहून द्या." हा किस्सा मी डेपोत किती वेळा सांगितला असेन, गणती नाही.

हो, मी बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. आकड्यांशी माझा संबंध पगाराच्या दिवशी, तोही पाच मिनिटं. पण बाबांची एक पद्धत मला सहाव्या वर्षापासून पाठ होती. कुणी कबूल केलेले पैसे ते पेन्सिलीने लिहायचे आणि हातात आलेले शाईने. पैसे आले की पेन्सिलीचा आकडा खोडरबराने पुसायचा, त्याच जागी पेन चालवायचा. मांडीवर बसवून सांगितलं होतं त्यांनी, "पेन्सिल म्हणजे लोकांचा शब्द. शाई म्हणजे पैसे. यात कधी गल्लत करायची नाही."

तर झालं असं. आमच्याच मैदानावर वाढलेला एक डावखुरा पोरगा मोठ्या क्लबाने विकत घेतला. चार कोटींना! पेपरात पहिल्या पानावर आलं. आम्ही पेढेच वाटायचे बाकी होतो. आणि दुसऱ्या वर्षी बघतो तर काय, क्लबाने बस विकली, दिव्याचं बिल थकलं, मुलींची टीम बंद केली. छापील ताळेबंदात विक्रीचे पैसे किती, तर एक कोटी. मग लोक विचारणारच ना, तीन कोटी गेले कुठे?

आणि हा प्रश्न विचारायला एक जण टपूनच बसला होता. 'प्रोफेसर' म्हणवून घ्यायचा. कुठल्या कॉलेजात शिकवायचा ते आजवर कुणाला कळलेलं नाही. इंटरनेटवर त्याचं चॅनेल, मागे रंगीत आलेख, डोळ्यावर चष्मा, आणि दर दोन वाक्यांनी, "मी हे तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं." काय सांगितलं होतं ते कुणी शोधत बसत नव्हतं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, म्हणतात ते उगाच नाही. मीसुद्धा त्याचा चाहता होतो. जेवताना त्याचं भाषण लावून बसायचो. बाबा समोर बसून शांतपणे जेवायचे. एकदा फक्त म्हणाले, "याला बेरीज येते. वजाबाकी येत नाही." मला वाटलं, म्हातारा जळतोय.

मग प्रोफेसरने बाबांवरच तोफ वळवली. "एकोणचाळीस वर्षं एकच माणूस वह्या सांभाळतो, तुम्हाला संशय येत नाही?" झालं! पुढच्या सामन्याला फाटकाबाहेर दीडदोनशे लोक उभे. बाबा आत शिरताना सगळे एका सुरात ओरडले, "पावती, पावती दाखवा!" ज्यांच्या बरोबर मी वीस वर्षं घसा फोडून ओरडलो, तेच ओरडत होते. बाबांनी टोपी सारखी केली आणि आत गेले. त्यांना बोलणं शक्यच नव्हतं. मोठ्या क्लबाशी करारच तसा होता, सौद्याच्या अटी बाहेर काढायच्या नाहीत म्हणून.

त्या आठवड्यात कामाचा ढीग होता, म्हणून बाबांनी कच्ची वही घरी आणली होती. रविवारी सकाळी चहा घेत ते लिहीत बसले, मग अंघोळीला गेले. वही टेबलावर. मी उघडली. डावखुऱ्याचं पान सापडलं. एक कोटी शाईने आणि खाली तीन कोटी पेन्सिलीने, बाजूला बारीक अक्षरात, "पंचवीस सामने खेळल्यावर." तो पोरगा सहाव्या सामन्यातच गुडघा मोडून घेऊन बसला होता. म्हणजे तीन कोटी कधी आलेच नव्हते! मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, हे जगाला दाखवायलाच हवं. कर नाही त्याला डर कशाला?

आणि मी ते पान त्या प्रोफेसरला पाठवलं. हो, त्यालाच. वाटलं, शिकलेला माणूस आहे, पुरावा दिला की मान्य करील. सोबत लिहिलं, "हिशेबनीस प्रामाणिक आहेत, नीट बघा." अक्कल अशी शेण खायला गेली होती की साधा फोटोही नाही काढला. डेपोत गाड्यांची कागदपत्रं पाठवायला फोनमध्ये एक सोय असते, पुसट अक्षर ठळक काळं करून देणारी. त्यातून काढलं, स्पष्ट दिसावं म्हणून. पेन्सिल आणि शाई, दोन्ही सारखीच काळी कुळकुळीत झाली. आणि ती बाजूची बारीक ओळ वहीच्या शिवणीत होती, ती कापली गेली. मी बघितलंसुद्धा नाही. पेन्सिल म्हणजे काय हे लिहायचंही सुचलं नाही. आमच्या घरात ते कुणाला सांगावं लागायचं नाही ना!

मंगळवारी ते पान प्रोफेसरच्या मागे भिंतीएवढं झळकलं. "हिशेबनिसाच्या स्वतःच्या अक्षरात चार कोटी! छापील ताळेबंदात एक! मित्रांनो, मी हे तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं." मी त्याला अकरा निरोप पाठवले. पेन्सिलीचं समजावलं, हातापाया पडलो. त्याने उत्तर दिलं नाही, बारावा पाठवायला गेलो तर मला ब्लॉकच करून टाकलेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

संध्याकाळी आईने ते बाबांना दाखवलं. पानाच्या कोपऱ्यात कपाचा गोल डाग होता, रविवारच्याच चहाचा. बाबांनी तो डाग बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते उठले, हात धुतले आणि क्लबाच्या समितीने बोलावलं होतं तिकडे गेले. परत आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "पान मीच दिलं म्हणून सांगितलंय. उद्यापासून जायचं नाही." अटी फोडल्याचा दंड मोठ्या क्लबाने मागितला, त्यात त्यांचे निवृत्तीचे पैसे गेले. माझी नोकरी, माझी दोन पोरं, त्या दंडात आम्ही बुडालो असतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आणि मी काय केलं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आठ महिने एका ताटातलं नाही तरी एका टेबलावरचं जेवलो आणि एक शब्द काढला नाही. थू आहे माझ्यावर.

बाबांनी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं. वाण्याकडे गेले की कुणीतरी मागून 'पावती' म्हणायचं आणि हसायचं. आधीही तेच नाव होतं, पण आधी त्यात माया होती. एकदा ते शेजारच्या मुलीला गणित शिकवायला बसले, तर तिच्या आईने तिला हाक मारून घरात नेलं. बाबांनी पेनचं टोपण लावलं आणि बसून राहिले. मला ते बघवलं नाही.

आठ महिन्यांनी बाहेरच्या तपासनिसांनी सगळ्या वह्या उलगडल्या. पै न पै जुळली. प्रोफेसरने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तो केव्हाच दुसऱ्या क्लबाच्या मागे लागला होता. पण अध्यक्ष घरी आले. म्हणाले, "पावती, वार्षिक सभेत सगळ्यांसमोर सांगतो की तुम्ही निर्दोष आहात. पानाचं म्हणाल तर झाली एक चूक, विसरू. सोमवारपासून खोलीत या." बाबा आईला म्हणाले, "तो पांढरा शर्ट कुठाय गं?" आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काहीतरी मागितलं होतं.

इथे थांबलो असतो तर? पण मी पडलो अतिशहाणा. सभेच्या आधीच्या शनिवारी प्रोफेसर आमच्याकडे भाषणाला आला, तिकीट लावून. 'तीस दिवसांत फुटबॉलचं अर्थकारण' असा कोर्सही विकत होता. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर त्याचा बुरखा फाडतो, बाबांवरचा तो पानाचा डागही धुऊन काढतो. भर सभागृहात उठलो आणि ओरडलो, "ते पान हिशेबनिसांनी दिलं नव्हतं. मी दिलं. मी त्यांचा मुलगा. खालचे आकडे पेन्सिलीचे होते आणि हे तुला मी अकरा वेळा कळवलं होतं!"

क्षणभर तो गडबडला. एवढं समाधान मला मिळालं. मग चष्मा पुसत हसला. "ऐकलंत मित्रांनो? म्हणजे हिशेबनीस समितीपुढे खोटं बोलले. जो माणूस पानाबद्दल खोटं बोलतो, तो पैशांबद्दल खरं बोलेल?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. फाटकाबाहेर ओरडणारेच होते त्यातले निम्मे. मला दोघांनी दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा फोन. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पावती, मी तुम्हाला ओळखतो हो. पण समितीपुढची तुमची सही खोट्या जबाबावर आहे. असा माणूस मी पुन्हा वहीवर कसा बसवू? सभेत आता काही नको." बाबा "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि फोन ठेवला. शर्ट खुर्चीच्या पाठीवर इस्त्री करून ठेवलेला होता. आईने तो उचलून आत नेला.

मी त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, "बाबा, मारा मला. काहीतरी बोला."

"एकच विचारायचंय," ते म्हणाले. "पहिल्यांदा मी न्हाणीघरात होतो. दुसऱ्यांदा याच खुर्चीत होतो. तू मला का नाही विचारलंस?"

दुसऱ्या वेळचं सांगता आलं. "तुम्ही अडवलं असतं." ते 'हं' म्हणाले. पहिल्या वेळचं मी हे ऐकणाऱ्या तुमच्यापासूनही लपवलंय आतापर्यंत. वही मी त्यांना वाचवायला उघडली नव्हती. रोज त्या माणसाला ऐकून ऐकून माझ्याच मनात आलं होतं, घेतले असतील तर? विचारायची हिंमत नव्हती, म्हणून वही उघडली. बाबांपुढे खोटं बोलणं त्या दिवशी जमलं नाही. सांगून टाकलं.



"समितीने विचारलं होतं, घरातलं कुणी पान काढू शकतं का," ते म्हणाले. "मी दोन वाक्यं लिहून दिली. पान मी दिलं, हे एक. ते खोटं होतं, मला ठाऊक होतं. दुसरं लिहिलं, माझ्या घरात माझ्यावर कुणाचाही संशय नाही." ते खुर्चीतून उठले. "ते मी खरं समजून लिहिलं होतं रे."