सरुबाईची फुंकर

औंढ्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जन्मलेलं आणि माझ्या सासूच्या पायांवर न न्हालेलं एक पोर दाखवा, माझ्याकडून चिक्कीचं पाकीट बक्षीस. मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटरला होते, त्यामुळे पाकिटाची काळजी करू नका. पण पोर सापडायचं नाही. माझी सासू सरुबाई म्हणजे गावातली बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणारी बाई. लेक बाळंतपणाला माहेरी यायच्या आधी तिची आई आमच्या ओट्यावर येऊन बसायची. "सरुबाई, दिवाळीनंतर पोरगी येतीया. तुमी हाये ना?" "हाये की. मी जातीया कुटं?" एवढं बोलणं झालं की पुढे सव्वा महिना बघायचं नाही. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, उजाडलं की ही त्या घरी हजर.

तिचं काम बघत राहावं असं. पोर पायांवर पालथं घालायचं, तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी, मग शेगडीत ओवा नि वावडिंग टाकून धुरी. आणि सगळ्यात शेवटी नाकात न् कानात एकेक फुंकर, पाणी राहू नये म्हणून. पोर दचकायचं, आणि मग जे झोपायचं ते दुपारपर्यंत.

आमच्या दोघींचं अगदी मेतकूट जमलं होतं, असं मात्र कुणी समजू नये. ती हट्टी, मी तोंडाळ. मी तळेगावची, बारावी झालेली. मला तिची धुरी म्हणजे अडाणीपणा वाटायचा आणि तिला माझं मोबाइलवर वाचून बोलणं म्हणजे आगाऊपणा. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. तोंडाने आत्या-आत्या म्हणत आम्ही मजेत भांडायचो.

मग मी गरोदर राहिले. सातवा लागतोय न लागतोय तोच दुकानात उभ्या-उभ्या कळा सुरू झाल्या. माझा नवरा संदेश टुरिस्ट गाडी चालवतो. त्यानं गाडीतले पाहुणे हॉटेलच्या दारात उतरवले आणि मला घेऊन थेट पुणं गाठलं. मुलगी झाली. किलोभराचीसुद्धा नाही. आत्यांनी काचेतून तिला बघितलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. "एवढं ल्हान मी कंदी हातात घेतलं न्हाई गं," म्हणाल्या.

तीन महिने आमची सृष्टी तिथेच, दवाखान्यात. आधी श्वास देणाऱ्या मशीनवर, मग नाकात नळी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पोर लवकर आलं, फुप्फुसं कच्ची राहिली. मशीनशिवाय पोरगी जगली नसती आणि मशीननं फुप्फुसं आणखी दुखावली. पण लहान मुलाचं फुप्फुस वाढतं. वर्षभरात नवी, चांगली जागा तयार होते. तोवर तिला वरून ऑक्सिजन लागेल, आणि तो घरी देता येतो. फक्त या काळात तिला साधी सर्दीही होता कामा नये.

घरी न्यायच्या दिवशी सिस्टरनं आम्हाला समोर बसवलं. खोलीत उदबत्ती नाही, समई नाही, चूल-शेगडी नाही, बिडी नाही. ऑक्सिजनजवळ ठिणगी गेली तर आग लागेल आणि धूर छातीत गेला तर पोर आजारी पडेल. तोंडाला, नाकाला तेल लावायचं नाही. अंघोळ नाही, फक्त ओल्या फडक्यानं पुसायचं. ती एकेक सांगत होती आणि मी आत्यांच्या तोंडाकडे बघत होते. तेल गेलं, धुरी गेली, शेगडी गेली, पाणीही गेलं. मनात म्हटलं, झालं कल्याण. आता रोज महाभारत.

पण कसलं काय! घरी आल्या-आल्या आत्यांनी शेगडी उचलून गोठ्यात ठेवली. चूल मागच्या पडवीत नेली. देवापुढचं निरांजन बंद करून तिथे विजेचा लुकलुकता दिवा लावला आणि देवाला सांगितलं, "तुझंच काम हाये, भागवून घे." मामा, म्हणजे सासरे दत्तोबा, ओट्याच्या टोकाला बसून बिडी ओढायचे. त्यांना म्हणाल्या, "बांधावर जा." मामा म्हणाले, "अगं, भाईर पाऊस हाये!" "मग भिजा." मावळातला पाऊस तो. आठवडाभर मामा भिजले आणि बिडी सुटली. पन्नास वर्षांची बिडी डॉक्टरांना सोडवता आली नव्हती.

मशीन कोपऱ्यात दिवसभर घरघरायचं. खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि नळीनं सृष्टीच्या नाकात सोडायचं. पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याची पट्टी, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा छोट्या पडद्यावर. आकडा नव्वदीच्या वर असला की आमचं जेवण गोड. लाइट गेली की संदेश धावत सिलिंडर जोडायचा. रडली की पोरीला धाप लागायची, ओठ निळसर व्हायचे, म्हणून आम्ही तिला रडूच द्यायचो नाही. सगळं घर तिच्या श्वासावर कान ठेवून वावरायचं.

पुसायचं काम आत्यांचं. काय तो हात! नळी न हलवता, पट्टी न सुटता पोरगी स्वच्छ. मी ओशाळून बघायचे. मला चार वेळा शिकवूनही ते जमत नव्हतं.

त्याच सुमारास गावातल्या मुक्ताबाईची लेक बाळंत झाली होती आणि आत्या रोज सकाळी तिकडे जात होत्या. त्या घरात सगळ्यांचीच नाकं गळत होती. एक दिवस आत्या म्हणाल्या, "घसा खवखवतोय जरा." मी म्हटलं, मग आज पुसायचं राहू द्या. त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, पदर नाकातोंडावरून बांधला आणि म्हणाल्या, "आता झालं का तुजं समाधान?" मी दूध आणायला गेले. परत आले तेव्हा पुसून झालं होतं. नळी धरून ठेवणारी गालावरची चिकटपट्टी बदलायला त्यांनी नळी जरा बाजूला घेतली होती. आणि मी बघतेय तोवर पदर खाली सरकवून त्यांनी पोरीच्या एका नाकपुडीत फुंकर मारली, मग दुसऱ्या.

"आत्या!" मी किंचाळले.

"काय झालं?" त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. सिस्टरनं सगळं सांगितलं होतं, फुंकरीचं नव्हतं सांगितलं. तिला काय माहीत? आणि आम्हीही विचारलं नव्हतं. आपण डोळे मिचकावतो ते कुणाला विचारून?

तिसऱ्या दिवशी सृष्टी तापली. बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले. ऑक्सिजन वाढवला तरी आकडा खालीच. पुन्हा पुणं, पुन्हा मशीन. डॉक्टर म्हणाले, सर्दी कुणाकडूनही येते, प्रवासी घेऊन फिरणाऱ्या बापाकडूनही. मला ते ऐकायचंच नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यात मी आत्यांना बोलले. "जगाची पोरं न्हाऊ घातलीत. माझी एकच होती, ती तेवढी फुंकून टाकलीत." जिन्यातली माणसं थांबून बघायला लागली. आत्या नुसत्या "व्हय" म्हणाल्या. बोलले ते बोलले. पोटच्या पोरीच्या घशात नळी असताना कुणी साखर पेरत नाही.

देवाची कृपा, डॉक्टरांचे हात, काय म्हणायचं ते म्हणा, पोरगी वाचली. आम्ही तिला घरी आणलं. आणि आत्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

मला वाटलं, रुसल्या. दोन दिवस मी बोललेच नाही. म्हटलं, राहू दे फुगून. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "आत्या, या की आत. डॉक्टर म्हणालेत, हात धुवा, कपडे बदला, मास्क लावा, चालतंय."

"हितंच बरी हाये."

"किती दिवस रुसायचं आता?"

"रुसायला मी काय नवी नवरी हाये?" त्या उसळल्या. "सारिके, आगं, फुंकर मारली तवा मी मारतीया ह्ये मलाच ठावं नव्हतं. माजं तोंड माज्या ताब्यात न्हाई, हात न्हाई. एवढी वर्सं त्येच केलंय. उद्या परत मारीन. आत आलेच न्हाई तर कशी मारीन?"

"मग दुसरीकडे जाणं तरी सोडा. दिवसभर इथेच राहा, मी बसते तुमच्याजवळ. चुकू देणार नाही."

"आन् मुक्ताबाईच्या पोरीला सव्वा महिन्याच्या आत कुनाच्या जिवावर टाकू? माज्या शब्दावर म्हायेराला आलीया ती. तिच्या पोराला बी जीवच हाये." मग म्हणाल्या, "तुजी वाचंल. माजं तोंड लांब राहिलं की वाचंल."

 

त्या खरंच लांब राहिल्या. सगळं बाहेरून. सृष्टीची दुपटी धुवायच्या, माझं ताट उंबऱ्यावर ठेवायच्या, आल्या-गेल्याला ओट्यावरूनच पिटाळायच्या. बारशालासुद्धा गाव जमू दिला नाही. मी आत तिचं नाव ठेवलं, त्यांनी बाहेरून ऐकलं. मुक्ताबाईच्या लेकीचा सव्वा महिना संपला, तर पुढची हजर. सकाळी दुसऱ्याचं पोर न्हाऊ घालून यायच्या आणि खिडकीशी यायच्या, तोंडाला पदर बांधलेला. "आकडा?" मी आकडा सांगायचे. "बरं," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. एकदाच, मी गादी झटकत होते तेव्हा, खिडकीतून म्हणाल्या, "मांडी लय भरली असंल गं आता हिची." मी गादी झटकतच राहिले. 

सृष्टी वाढली. बसायला लागली, रांगायला लागली, जाईल तिथे मागे नळी ओढत. दर तपासणीला डॉक्टर ऑक्सिजन थोडा कमी करत गेले. आधी जागेपणी बंद केला, मग झोपेतही. पोरगी वर्षाची व्हायला आली तेव्हा एकदाचे म्हणाले, मशीन परत करा.

मशीनवाला टेम्पो घेऊन आला. तो गेल्यावर घर इतकं शांत झालं की मामांनी विचारलं, लाइट गेली का? मी दारात उभी राहून हाक मारली, "आत्या, आता या."

त्या न्हाणीत गेल्या. धुतलेलं लुगडं नेसून आल्या आणि खोलीत पाऊल टाकलं. तोंडावर पदर नव्हता. खाली बसून त्यांनी हात पुढे केले. गावातलं कसलंही किरकिरं पोर त्या हातांत गेलं की गप्प होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सृष्टीनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं, ओठ काढला आणि माझ्या गळ्याला मिठी मारून जे भोकाड पसरलं, मामा ओट्यावरून धावत आले. मी तिला आत्यांच्या मांडीवर द्यायला वाकले तर पोरीनं पाय झाडले. "अगं, आजी आहे तुझी! हिच्याइतकं कुणी केलं नाही गं तुझं," मी म्हणतेय आणि माझ्याच डोळ्यांना धारा. त्या बाईला माझ्या पोरीनं अनोळखी म्हणून झिडकारावं, हे मला बघवेना.

"आत्या, ओळखत नाही हो ती तुम्हाला."

आत्यांनी हात मागे घेतले होते. त्या सृष्टीच्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी निरखून. त्यांचेही डोळे वाहत होते, पण चेहरा हसरा होता.

"न्हाई वळखत तर न्हाई. वळखंल," त्या म्हणाल्या. "गप नगं करू तिला. केवढ्यानं रडती बघ. आन् व्हट लालच हाईत. दम पुरतोय, सारिके. दम पुरतोय तिला."