वन्संच्या नजरेचं खरं कारण

"दोन्ही डोळ्यांत कॅटरॅक्ट आहे, म्हणजे मोतीबिंदू. उजवा पिकलाय, आधी तो काढू," रत्नागिरीतले डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. वन्संनी मान डोलावली. त्यांना एक शब्दही कळला नव्हता, हे फक्त मला माहीत होतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. कृष्णधवल सिनेमांची मोठी नायिका. दूरदर्शन आमच्याकडे नुकतं आलं होतं. त्यांचा सिनेमा लागला की आमच्या ओटीवर माणसं मावत नसत.

ऐन बहरात त्यांना ओटोस्क्लेरोसिस झाला. म्हणजे कानातलं इवलंसं हाड ताठरतं आणि ऐकू येणं कमी होत जातं. स्टुडिओत कळलं असतं तर कामं गेली असती. म्हणून त्या ओठ वाचायला शिकल्या. गाण्याच्या वेळी डान्स मास्तरांच्या हाताकडे बघून ओठ हलवायच्या. आता डोळे अंधुक झाले, म्हणजे उरलेसुरले कानही गेले.

ऑपरेशन लोकल अ‍ॅनेस्थेशियात होणार होतं, म्हणजे भूल डोळ्यापुरती, पेशंट जागा. "खाली बघा म्हटलं की खाली बघायचं. भलत्या वेळी हललात तर डोळा जाऊ शकतो," डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी येऊन मी हे पाटीवर ठळक अक्षरांत लिहून दाखवलं. खाली लिहिलं, डॉक्टरांना सांगून टाकू.

"खबरदार, सुमन! बहिरी म्हणून गावभर होईल."

मी लिहिलं, "आंधळी म्हणून झालेलं चालेल?"

त्यांनी पदरानेच पाटी पुसून टाकली. मी रक्त, लघवी, ब्लडप्रेशर, सगळ्या तपासण्या उरकून घेतल्या.

ऑपरेशनच्या सकाळी वेटिंग रूममध्ये केळशीच्या एका आजींनी त्यांना ओळखलं. अगदी तोंडाशी येऊन म्हणाल्या, "बाय माझे, काय ती नजर! हिरो बोलत असला की पापणी लवायची नाही. प्रेम असावं तर असं!"

"कसलं प्रेम?" वन्सं कडाडल्या. "ओठ वाचत होते मी त्याचे! बहिरी आहे मी, ठार बहिरी. इतक्या वर्षांत कळलं कुणाला? नाही ना? मग!"

सगळी वेटिंग रूम वळून बघायला लागली. आजी तेवढ्या म्हणाल्या, "मग तो मेला काय बोलायचा ते कळायचं ना?"

"कळायचं. त्यात काही राम नसायचा."

डॉक्टर दारातच उभे होते. "हे आधी सांगायला नको?" म्हणून मला झापलं आणि लगेच मार्ग काढला. नर्सने हात दाबला की वन्संनी खाली बघायचं, सोडेपर्यंत तसंच राहायचं. ऑपरेशन नीट झालं. पट्टी होती तोवर मी त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढत होते.

पुढे वन्संना जाड भिंगांचा चष्मा चढवून डॉक्टर समोर बसले आणि सावकाश म्हणाले, "दिसतंय?"

"दिसतंय. दाढी राहिलीय तुमची."

त्या डॉक्टरांचे आणि नर्सचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी असं कोणी असेल तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. लाज घरी ठेवून जा.

डाव्या डोळ्याच्या वेळी मी तोंड उघडायच्या आत वन्संनीच नव्या वॉर्डबॉयला खडसावलं, "मला ऐकू येत नाही. माझ्यासमोर उभा राहून बोल. आणि ती तंबाखू आधी थुंकून ये, शब्द दिसत नाहीत."