कानोत्याच्या बांधावरची भाऊबीज

माझा देवावर विश्वास आहे, पण त्याची कामं आपणच उरकून टाकावीत ही माझी जुनी खोड. यंदा ती मला नडली.

सासूबाईंचा थोरला भाऊ हवाई दलात बॉम्बफेकी विमान चालवायचा. एकाहत्तरच्या युद्धात, चोविसाव्या वर्षी मोहिमेवर गेला तो परतलाच नाही. विमानाचा तुकडाही सापडला नाही. त्यांच्या आईने श्राद्ध करू दिलं नाही. भाऊ जवळ नसला की बहिणी चंद्राला ओवाळतात, तसं सासूबाई दर भाऊबीजेला ओवाळत राहिल्या. जयपूरला आल्यावर बनी पार्कातल्या आमच्या गच्चीवरून.

यंदा त्या न्यूमोनियातून उठल्या आणि मी परस्पर सर्वपित्रीला गुरुजी ठरवले. माझ्या नवऱ्याच्या हातून मामांचं श्राद्ध झालं की सासूबाईंच्याही मनावरचं ओझं उतरेल, असं मला वाटलं. गुरुजींनी दारातच मामांचं गोत्र विचारलं, तेव्हा सासूबाईंना कळलं. "तो गेला हे तू ठरवणार?" एवढंच म्हणाल्या. गुरुजी परत गेले. मग सासूबाईंचं जेवण दोन घासांवर आलं, माझ्याशी बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, औषधांचं काम संपलं, आता यांनी खाल्लं तरच उभ्या राहतील. त्या दिवशी मी पहिल्यांदाच देवाला काही न सुचवता त्याच्यासमोर बसले. मला कळत नाही, तूच बघ, म्हटलं.

भाऊबीजेपर्यंत समोरच्या नव्या इमारतीने पश्चिम पार झाकली होती. चंद्र दिसेपर्यंत सासूबाई पाणीही घेईनात. मी गाडी काढून त्यांना शहराबाहेर कानोत्याच्या धरणाच्या बांधावर नेलं. चढावर मी त्यांचा एक हात धरला, तरी त्यांना चढवेना. शेळ्या घेऊन घरी निघालेले एक पागोटेवाले बाबा थांबले आणि न विचारताच त्यांनी दुसरा हात धरला. आम्ही वर पोचलो. धुरकट आभाळात नखाएवढी कोर दिसली, पाचच मिनिटं. ओवाळून झाल्यावर बाबांनी विचारलं, कोणासाठी?

"भाई के लिए," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लड़ाई में शहीद हो गए."

इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

बाबांनी कोरीला हात जोडले. "ऐसे वीरों को हम जुझारजी कहके पूजते हैं, माँजी. गाँव के थान-मंदिर में दीया भी करते हैं, घर में श्राद्ध भी." मग शेळ्या पुढे गेल्या म्हणून तेही घाईने उतरले.

गाडीत डबा उघडला. सासूबाईंनी एक पुरी संपवून दुसरी मागितली. "पुढच्या वर्षी बोलाव तुझ्या गुरुजींना. पण ओवाळायचं मी सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"कोण सोडायला सांगतंय, आई?" मी म्हटलं आणि तिसरीही वाढली.

त्या बाबांना कोणी पाठवलं, यावर मी वाद घालणार नाही. जे मी दामटून करायला गेले ते मोडलं, आणि हात टेकले तेव्हा ते आपसूक झालं, एवढं मला दिसलं. अजूनही मी कामं उरकतेच. फक्त दुसऱ्याच्या दुःखाला हात लावण्याआधी आता थांबते, विचारते, आणि उरलेलं देवावर सोपवते.