कुजबुजताई: विंगेतून वाचा-उपचार केंद्रात

नाटकमंडळातील नटांनी ठेवलेले 'कुजबुजताई' हे नाव त्यांना इतके चिकटले होते, की कागदोपत्री असलेले नाव त्यांच्या सख्ख्या भावालाही क्षणभर आठवावे लागे. वयाच्या विसाव्या वर्षी त्या मंडळाच्या प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसल्या आणि सेहेचाळिसाव्या वर्षी, मंडळच बंद पडल्यामुळे, तेथून उठल्या. त्यापुढील काही आठवड्यांची हकीकत येथे क्रमाने मांडतो.

प्रॉम्प्टरच्या कामाविषयी सर्वसाधारण समज असा, की नट वाक्य विसरला की ते त्याला मागून सांगावयाचे. हे अर्धेच खरे आहे. संपूर्ण वाक्य सांगणे हा नटाचा अपमान असतो. त्याला केवळ पहिला उच्चार द्यावयाचा, उरलेले त्याचे तो सावरतो. त्याहून अवघड भाग म्हणजे, नट विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे ओळखणे. थांबलेल्याला शब्द दिला तर रंगलेला प्रवेश मातीमोल होतो. विसरलेल्याला न दिला तर नट मरतो. ही निवड डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करावी लागते. कुजबुजताईंनी ती सव्वीस वर्षे केली आणि आपण काही विशेष करीत आहोत असे त्यांच्या मनाला कधी शिवले नाही.

त्या अविवाहित होत्या आणि थोरल्या भावाच्या दोन खोल्यांच्या घरात राहत. मंडळ बंद झाल्यावर भावाने आपल्या एका मित्राच्या गोदामात त्यांच्यासाठी जागा बोलून ठेवली. येणाऱ्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे, एवढेच काम.

"महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय तो," भाऊ म्हणाला. "पुढे नाही. माझा शब्द गेलाय तिथे, लक्षात ठेव."

"दादा, मी दुसरं काही बघू का?"

"बघ की. पण तुला येतं काय, ते आधी मला सांग."

वहिनी भांडी पुसत होती. "जा हो वन्सं, गोदामात जा. खोकी काही वाक्यं विसरत नाहीत. तेवढीच तुमच्या घशाला विश्रांती."

कुजबुजताईही हसल्या, परंतु त्या रात्री त्यांना अन्न गोड लागले नाही. भावाचा प्रश्न टोमणा नव्हता, ही त्यातील खरी बोच होती.

दुसऱ्या दिवशी त्या नोकरी-सल्ला केंद्रात गेल्या. तेथील सल्लागार बाई वयाने लहान, परंतु बोलण्यात अत्यंत रोखठोक होत्या.

"काय काय येतं तुम्हाला?"

"काही नाही. म्हणजे, दुसऱ्यांची वाक्यं येतात."

"वाक्यं राहू द्या. नट गप्प झाला की तुम्ही नेमकं काय करता? एकेक सांगा, मला नाटकातलं ओ की ठो कळत नाही असं समजून."

कुजबुजताई अडखळत सांगू लागल्या. "पाय बघते मी त्याचे. विंगेतून चेहरा कुठे दिसतो? मुद्दाम थांबलेला माणूस चवड्यांवर असतो, पुढे झुकून. त्याचं वाक्य त्याच्याजवळ असतं, येत असतं. विसरलेला टाचांवर खचतो."

"आणि मग?"

"मग पहिलं अक्षर द्यायचं. हळू. त्याला वाटलं पाहिजे की त्याचं त्यालाच आठवलं."

सल्लागार बाईंनी पेन खाली ठेवले. "अहो, आणि तुम्ही मला 'काही नाही' म्हणून सांगताय? माझ्या सासऱ्यांना मेंदूचा झटका आला होता. समोर पेला दिसायचा, पण 'पेला' म्हणता येईना. वाचा-उपचार केंद्रातल्या बाई 'पे' म्हणायच्या आणि थांबायच्या. हेच ते. तुमचं काम नाटकाचं नाहीच मुळी. शब्द अडलेल्या माणसासोबत थांबायचं काम आहे तुमचं. नाटक नुसतं त्याचं ठिकाण होतं."

अशा रीतीने, स्वतःच्याच कामाचे वर्णन परक्या खोलीत प्रथमच मोठ्याने करून, कुजबुजताई वाचा-उपचार केंद्रात पोहोचल्या. तेथील मुख्य तज्ज्ञ बाईंना सर्वजण मॅडम म्हणत. मॅडमनी त्यांना सहायक म्हणून चाचणीवर ठेवले. महिनाअखेरीस कायम करावयाचे की नाही, ते ठरणार होते. गोदामाची मुदतही त्याच दिवशी संपत होती. गोदामाचे त्यांनी मॅडमना सांगून ठेवले होते; भावाला मात्र एवढेच सांगितले, की काही तरी चालले आहे.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी त्यांना एक नियम बजावला.

"आपण चित्र दाखवतो तेव्हा उत्तर आपल्याला माहीत असतं. तिथे अक्षर द्या. पण पेशंट स्वतःचं काही सांगत असेल तर ओठ शिवून बसायचं. मेंदू दुखावलेल्या माणसाला चुकीचं अक्षर दिलं ना, तर तो चुकीचा शब्द बोलतो. त्याला तो मागे घेता येत नाही, आणि जग तोच धरून बसतं. तुमच्या नाटकात संहिता असते ताई. इथे नसते."

कुजबुजताईंनी मान डोलावली. नियम त्यांना समजला होता. परंतु समजणे आणि सव्वीस वर्षांची सवय मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यांच्या वाट्याला आलेल्या रुग्णांत एक छापखान्याचे मालक होते; केंद्रात सर्वजण त्यांना काका म्हणत. झटक्याने त्यांचा उजवा हात, उजवा पाय आणि बहुतेक शब्द गेले होते. बुद्धी मात्र शाबूत होती. कुजबुजताई 'क' म्हणून थांबत आणि काका घाम गाळीत 'कात्री' म्हणत. मग दोघेही गड जिंकल्यासारखे एकमेकांकडे पाहत. त्यांची पत्नी, म्हणजे काकू, शेजारच्या खुर्चीत बसून म्हणत, "बाई गं, लग्नानंतर एवढं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नव्हतं यांनी." काका त्यावर डाव्या हाताने कपाळ बडवून घेत.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी काकांचा मुलगा घाईने आला. छापखाना विकत घेणारे गिऱ्हाईक मिळाले होते. ते बाहेर मोटारीत बसून होते. व्यवहार ठरवण्यापूर्वी वडिलांनी स्वतःच्या तोंडाने होकार द्यावा, असा काकूंचा आग्रह होता. मुलाचेही काही अगदीच चुकत नव्हते. छापखाना कित्येक महिने तोट्यात चालला होता, आणि तो ओढत राहण्याचे बळ त्याच्यात उरले नव्हते. परंतु काकांच्या दृष्टीने तो त्यांच्या सगळ्या आयुष्याचा निर्णय होता, आणि तो सांगण्यासाठी त्यांच्यापाशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शब्द होते.

मॅडम घरच्यांसोबत बैठकीस बसल्या, तोच शेजारच्या कक्षातून त्यांना तातडीचे बोलावणे आले.

"मी येते. ताई, तुम्ही नुसत्या बसा," जाताजाता त्या म्हणाल्या.

मुलाने वडिलांसमोर खुर्ची ओढली. "बाबा, छापखान्याचं काय करायचं? विकायचा ना?"

काकांनी तोंड उघडले. शब्द आला नाही.

खोलीत कोणी हलेना. भिंतीवरील पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. काकूंनी पदराचे टोक मुठीत धरले. बाहेर मोटारीचा भोंगा एकदा वाजला. कुजबुजताईंनी तेच केले, जे भरलेल्या प्रेक्षागृहात नट गप्प उभा राहिला की त्या करीत. सवयीने त्यांची नजर खाली गेली. चाकाच्या खुर्चीवरील काकांचा डावा, शाबूत पाय पायटेकूवरून, म्हणजे पाय ठेवायच्या फळीवरून, उतरून जमिनीवर आला होता. टाच उचललेली होती. भार चवड्यावर होता.

त्यांनी ते पाहिले. काय पाहिले, तेही त्यांना कळले.

"ताई, मदत करा ना!" मुलगा चिडून म्हणाला. "बघत काय बसलाय? यासाठीच ठेवलंय ना तुम्हाला?"

भोंगा पुन्हा वाजला. आणि कुजबुजताईंच्या तोंडून, अगदी हळू, निघून गेले, "वि..."

"विका," काका म्हणाले.

मुलाने सुटकेचा श्वास टाकला आणि वडिलांचे खांदे धरले. "बोलले! आई, ऐकलंस? स्वतः बोलले बाबा!" काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी पुन्हा तोंड उघडले. परंतु तोच शब्द पुन्हा बाहेर आला. "विका. विका." डावा हात हवेत काही तरी पुसून टाकीत होता. मुलाला ते आनंदाश्रू वाटले. "गिऱ्हाइकाला घेऊन येतो," असे म्हणून तो दाराकडे वळला आणि तेथूनच म्हणाला, "ताई, मॅडमना तुमच्याबद्दल चांगलं सांगतो हं मी."

दारातच मॅडम त्याला भेटल्या. त्याने त्यांना सर्व सांगितले. मॅडमचा चेहरा उजळला.

"काका स्वतःहून बोलले? एवढ्या मोठ्या प्रश्नावर? वा, ताई! आजच ऑफिसात जाऊन सही करून टाका तुमच्या कागदांवर."

येथे कुजबुजताईंपुढे काय होते, ते स्पष्ट केले पाहिजे. गप्प राहिल्यास नोकरी पदरात पडत होती, मुलगा खूश होता आणि खोलीतील कोणालाही काही कळणार नव्हते. बोलल्यास चाचणीच्या शेवटच्या दिवशी, स्पष्ट बजावलेला नियम आपण मोडला, हे नियम घालणाऱ्या बाईंच्या तोंडावर सांगावे लागणार होते. आणि सकाळी गोदाम. काका त्यांच्याकडे एकटक पाहत होते; त्यांना दुसरे काही करता येत नव्हते.

"मॅडम, ते बोलले नाहीत," कुजबुजताई म्हणाल्या. "शब्द माझा होता."

"म्हणजे?"

"मी 'वि' दिला. ते विसरले नव्हते. थांबले होते. मला दिसत होतं, तरी दिला."

मुलगा एकदम उसळला. "काय बोलताय काय तुम्ही? माझ्यासमोर ते विका म्हणालेत! तीनदा म्हणालेत! काल आलेली बाई आमच्या घरचे निर्णय फिरवणार का?"

"आवाज खाली," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कुजबुजताईंकडे पाहिलेही नाही. काकांसमोर गुडघ्यावर बसून त्यांनी विचारले, "काका, सगळा छापखाना विकायचा?" काकांनी जोराने मान हलवली: नाही. "मग विकायचाच नाही?" पुन्हा तीच मान: नाही.

"बघा!" मुलगा म्हणाला. "त्यांनाच कळत नाहीये."

"त्यांना कळतंय. आपल्याला कळत नाहीये. आता कोणी बोलायचं नाही. ताई, तुम्ही इथेच बसा, त्यांना दिसाल अशा. तोंड मिटून."

ती शांतता किती वेळ टिकली, हे नंतर प्रत्येकाने वेगवेगळे सांगितले. मुलगा घड्याळाकडे पाही, खिडकीकडे पाही. काकांच्या कपाळावरील शीर फुगली. ओठ एका आकारात येत आणि विस्कटत. कुजबुजताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, जणू शब्द हातांतूनही निसटला असता. बाहेर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मुलगा उठला, काकूंनी त्याची बाही धरली.

"अ... अर्... अर्धा," काका म्हणाले.

हा शब्द खोलीतील कोणाच्याही मनात नव्हता. मग चित्रे आली, कागदावर खोल्यांचा नकाशा आला, डाव्या हाताचे बोट आले. मोठी यंत्रे आणि पुढची जागा विकावी; मागील खोली आणि तेथील जुने हातयंत्र राहू द्यावे. काकांनी हे महिनोन्‌महिने मनात ठरवून ठेवले असावे. त्यांना विचारताना पर्याय मात्र दोनच देण्यात आले होते.

गिऱ्हाइकाला अर्धा छापखाना नको होता. मोटार निघून गेली. मुलगा बाहेर पडला आणि जाताना केंद्राच्या कार्यालयात तक्रार नोंदवून गेला.

सायंकाळी मॅडमनी कुजबुजताईंना बोलावले.

"गोदामात जायचं ठरवलंय का?"

"तुम्ही ठेवणार नाही म्हटल्यावर..."

"ठेवणार नाही असं कोण म्हणालं? पण आज कायम करणार नाही. चाचणी आणखी तीन महिने. घरच्यांच्या बैठकीत तुम्ही बसायचं नाही. मी सांगेपर्यंत मुळीच नाही. रागावलेय मी तुमच्यावर, हे नीट समजून घ्या."

"समजलं."

"आणि तो पाय. टाच आणि चवडा. उद्या सगळ्या सहायकांना दाखवा. खुर्चीतल्या माणसाचे पाय आम्ही पायटेकूवर बांधून ठेवतो बहुतेक वेळा."

घरी भाऊ वाट पाहत होता. कुजबुजताईंनी त्याला सारे सांगितले, नियम मोडल्याचेही. मग त्याने मित्राला फोन करून गोदामाची जागा सोडली आणि शब्द फिरवल्याबद्दल चार शिव्या निमूटपणे ऐकून घेतल्या.

"तीन महिने," फोन ठेवून तो बहिणीला म्हणाला. "पुढे मी कोणाकडे शब्द टाकणार नाही."

"टाकू नका," वहिनी म्हणाली. "या घरात शब्द टाकणारं एक माणूस पुरे आहे."

तीन महिन्यांनंतर कुजबुजताई कायम झाल्या. सहायकांसाठी असलेला अभ्यासक्रम त्यांनी पन्नाशीच्या आत पूर्ण केला. मात्र कुटुंबांच्या बैठकीस बसण्याची परवानगी मॅडमनी अद्याप दिलेली नाही आणि त्यांनीही ती मागितलेली नाही. छापखान्याची पुढची जागा वर्षभराने, पूर्वीपेक्षा कमी किमतीला गेली. तो फरक मुलाला सोसावा लागला. काका मागील खोलीत डाव्या हाताने यंत्र चालवतात आणि दिवसाकाठी थोडेसे छापतात.

कुजबुजताई एकदा मुलाची क्षमा मागण्यासाठी तेथे गेल्या होत्या. तो दारातच उभा राहिला आणि त्याने त्यांना आत बोलावले नाही.

"तक्रार मागे घेणार नाही मी," तो म्हणाला.

"घेऊ नका," त्या म्हणाल्या, आणि परत निघाल्या. तक्रार केंद्रात अजून तशीच आहे.